अंश, छेद आणि बातमी : प्लेगपासून कोविडपर्यंत आरोग्यविषयक आकडेवारीच्या वृत्तांकनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

साथीच्या काळात सामान्य माणसाचा शासनाशी आणि विज्ञानाशी येणारा संबंध बहुतांशी आकड्यांच्या रूपाने येतो. किती जणांना लागण झाली, किती दगावले, किती बरे झाले, हे तो वृत्तपत्रातून वाचतो आणि त्यावरून गाव सोडायचे की नाही, लस टोचून घ्यायची की नाही, घरातील आजारी माणसाची वर्दी द्यायची की लपवायची, असे निर्णय घेतो. म्हणून आरोग्यविषयक आकड्यांची मांडणी हा केवळ पत्रकारितेच्या नीतीचा प्रश्न राहत नाही. तो सामाजिक इतिहासाचाही विषय ठरतो.

या विषयाची चर्चा करताना 'शासनाने आकडे लपविले' किंवा 'वृत्तपत्रांनी आकडे फुगविले' असे दोन ठरावीक आरोप केले जातात. दोहोंतही तथ्य असू शकते. तथापि गेल्या सव्वाशे वर्षांतील महाराष्ट्राच्या अनुभवाकडे पाहिले असता असे दिसून येते की, दिशाभूल करणारा आकडा पुष्कळदा खोटा नसतो. तो नोंदवहीत बरोबर असतो. नोंदवहीतून बातमीत येताना त्याच्यासोबतच्या तीन गोष्टी गळून पडतात : तो किती जणांपैकी आहे, कोणत्या कालावधीतील आहे आणि कोणत्या व्याख्येनुसार मोजला आहे. अंकगणिताच्या भाषेत बोलायचे तर अंश छापला जातो आणि छेद हरवतो. प्रस्तुत लेखात १८९६ नंतरचा मुंबई इलाख्यातील प्लेग, त्याच काळातील कोल्हापूर संस्थानची लोकसंख्या, प्लेगच्या लशीचा वाद, १९९४ ची प्लेगची घबराट, बालमृत्यूंचा प्रश्न आणि २०२० नंतरची कोविडची साथ या उदाहरणांच्या आधारे हे विधान तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

मुंबई, १८९६-९७ : नाव, नोंद आणि पळालेले शहर

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकॅसियो व्हिएगस यांनी गाठीच्या प्लेगचे निदान केले. या निदानानंतरही सरकारी भाषेत 'प्लेग' हा शब्द सहजासहजी उच्चारला गेला नाही. बंदराचा व्यापार, परदेशी बंदरांतील क्वारंटाईन आणि शहरातील घबराट यांचा विचार करून आरंभी 'गाठीचा ताप' अशा सौम्य शब्दांचा आश्रय घेण्यात आला. रोगाचे नावच संदिग्ध असल्यामुळे त्याखाली होणाऱ्या नोंदीही संदिग्ध राहिल्या. घरझडती, रुग्णाची सक्तीची रवानगी आणि घरातील सामानाची जाळपोळ यांच्या भीतीने लोक आजार लपवीत. मृत्यूचे कारण सांगताना 'ताप', 'खोकला', 'क्षय' असे काहीही सांगितले जाई. त्यामुळे प्लेगच्या रकान्यातील आकडा लहान आणि इतर तापांच्या रकान्यातील आकडा अवाजवी मोठा दिसू लागला.

ही विसंगती महानगरपालिकेच्या आरोग्य खात्याच्या लक्षात आली होती. त्यांनी काढलेला मार्ग आजही उपयुक्त आहे. रोगनिहाय रकाने बाजूला ठेवून एकूण मृत्यूंची तुलना मागील पाच वर्षांच्या त्याच काळातील सरासरीशी करावयाची आणि नेहमीपेक्षा जे मृत्यू अधिक, ते साथीच्या खाती धरावयाचे. मृताचे नातेवाईक कारण लपवू शकत, परंतु मृत्यू लपविणे त्या मानाने अवघड होते. स्मशानातील आणि दफनभूमीतील नोंद रोगाचे नाव विचारून बदलत नव्हती. वृत्तपत्राचा वाचक मात्र बहुधा 'प्लेगने मेलेल्यांची' संख्याच पाहत असे. एकाच आठवड्याच्या दोन संख्या, एक नोंदलेल्या प्लेगमृत्यूंची आणि दुसरी नेहमीपेक्षा अधिक मृत्यूंची, परस्परांहून भिन्न असत. दोन्ही संख्या सरकारी दप्तरातूनच येत.

दुसरी अडचण छेदाची होती. १८९१ च्या खानेसुमारीनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या आरंभीच्या महिन्यांत शहरातून प्रचंड पलायन झाले. सुमारे चार लाख, म्हणजे जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले असा तत्कालीन अंदाज होता. कोकण, देश आणि गुजरात येथील आपापल्या गावी गेलेली ही माणसे खानेसुमारीच्या आकड्यात मात्र मुंबईतच राहत होती. याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. समजा, एका आठवड्यात शहरात ८०० मृत्यू झाले. ८,२१,७६४ हा छेद धरला तर वार्षिक मृत्युदर हजारी सुमारे ५१ येतो. शहरात प्रत्यक्ष उरलेले सव्वाचार लाखांहून थोडे कमी लोक हा छेद धरला तर तोच दर हजारी सुमारे ९९ होतो. मृत्यूंची संख्या बदललेली नाही. फक्त शहरात कोण उरले आहे, याचा विचार केला गेला आहे. त्याचप्रमाणे निम्मे शहर रिकामे झाल्यानंतर मृत्यूंची संख्या घटली, तर ती घट उपाययोजनांचे यश म्हणून मांडता येते. वस्तुतः मरण्याजोगी माणसेच शहरात कमी उरलेली असतात.

या छेदाची लहर पुढेही टिकली. १९०१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली. दशकात शहर आकसले, असा निष्कर्ष यावरून सहज निघतो. परंतु ही गणना प्लेगच्या हंगामात, अनेक कुटुंबे बाहेरगावी असताना झाली होती. १९०६ मध्ये महानगरपालिकेने स्वतंत्र गणना केली तेव्हा ९,७७,८२२ लोक आढळले. पाच वर्षांत दोन लाखांची वाढ केवळ जन्मांमुळे होणे शक्य नव्हते. नवे स्थलांतर झाले, तसेच गेलेली माणसे परत आली, असाच त्याचा अर्थ आहे.

मुंबईतील या अनुभवाच्या पाठोपाठ साथ पुण्यात पोहोचली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. पुण्यात वॉल्टर रँड यांच्या अधिकाराखाली लष्कराच्या मदतीने झडत्या सुरू झाल्या आणि २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. हा इतिहास सुपरिचित आहे. त्यातील एक पैलू येथे लक्षात घेण्याजोगा आहे. झडत्यांच्या समर्थनार्थ सरकार जे आकडे देत होते, ते लोकांना विश्वासार्ह वाटत नव्हते आणि लोक जी माहिती देत होते, तिच्यावर सरकारचा विश्वास नव्हता. लोक नोंद चुकवीत म्हणून झडती कडक होई आणि झडती कडक होई म्हणून लोक नोंद चुकवीत. आकड्यांवरील विश्वास उडाला की आकडे आणखी सदोष होतात, हे या साथीचे महत्त्वाचे शिक्षण आहे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगने निवर्तल्या, त्या रुग्णांची सेवा करीत असताना. त्या वर्षीच्या पुण्याच्या मृत्युसंख्येत त्यांची गणना 'एक' एवढीच होती. अशा अनेक 'एकां'ची तर कोठेही गणना झाली नाही.

कोल्हापूर संस्थान : तीन हजारांची घट

मुंबईहून परतलेल्या माणसांबरोबर आणि रेल्वेच्या मार्गाने साथ दक्षिण महाराष्ट्रात पसरली. कोल्हापूर संस्थानच्या बाबतीत आकडेवारीच्या वाचनाचा एक निराळा धडा मिळतो. खानेसुमारीनुसार संस्थानची लोकसंख्या १८८१ मध्ये ८,००,१८९, १८९१ मध्ये ९,१३,१३१ आणि १९०१ मध्ये ९,१०,०११ होती. १८९१ ते १९०१ या दशकात राजर्षी शाहू महाराजांची कारकीर्द सुरू झाली आणि दशकाच्या उत्तरार्धात दुष्काळ व प्लेग ही दोन्ही संकटे आली. एवढे होऊनही लोकसंख्या केवळ ३,१२० ने घटली. टक्केवारीत सांगायचे तर ही घट एक टक्क्याच्या सुमारे एक तृतीयांश आहे. हा आकडा एखाद्या बातमीत तसाच दिला तर वाचकाला वाटेल की, संस्थानाला या संकटांची झळ फारशी लागलीच नाही.

परंतु लोकसंख्येतील निव्वळ फरक म्हणजे मृत्यूंची संख्या नव्हे. दहा वर्षांत हजारो मुले जन्माला आली, काही लोक बाहेर गेले, काही बाहेरून आले. जन्मांनी मृत्यूंचा खड्डा भरून काढला. मागील दशकात संस्थानची लोकसंख्या १४ टक्क्यांनी वाढली होती. ही वाढ १८७६-७८ च्या दुष्काळानंतरची भरपाई असल्यामुळे ती पुढेही तशीच राहिली असती असे म्हणता येणार नाही. म्हणून तिच्या निम्मा, म्हणजे ७ टक्के एवढाच वेग गृहीत धरू. तसे झाले असते तर १९०१ मध्ये सुमारे ९,७७,००० लोक असावयास हवे होते. प्रत्यक्षातील संख्येहून ही संख्या सुमारे ६७ हजारांनी अधिक आहे. ही तूट म्हणजे ६७ हजार प्लेगमृत्यू असे मुळीच नाही. तीत दुष्काळ, इतर रोग, स्थलांतर आणि न झालेले जन्म हे सारे आहे. गृहीत वेग बदलला की तूटही बदलेल. तथापि 'तीन हजारांची घट' आणि 'काही दहा हजारांची तूट' यांतील अंतर एवढे मोठे आहे की, पहिल्याच आकड्यावर थांबणारा लेखक वाचकाची फसवणूक करतो, मग त्याचा हेतू कितीही शुद्ध असो.

भुदरगडसारख्या डोंगरी पेठ्यांच्या बाबतीत तर हे अंतर अधिकच जाणवते. त्या काळातील मुंबई इलाख्याच्या ग्रामीण भागात जन्ममृत्यूची नोंद गावकामगारांच्या हाती असे आणि मृत्यूचे कारण पटकी, देवी, ताप, हगवण अशा मोजक्या रकान्यांत बसविले जाई. वाड्यावस्त्यांवर वैद्य नाही, पावसाळ्यात ओढ्यांना पूर आलेला, अशा स्थितीत कोणाला 'प्लेग' झाला आणि कोणाला 'ताप', हे ठरविणार कोण? ज्या प्रदेशात वैद्यकीय सोय कमी, तेथे रोगाची नोंद कमी होते आणि कागदावर तो प्रदेश निरोगी दिसतो. हा विरोधाभास आजही पूर्णपणे संपलेला नाही.

भायखळा ते मुलकोवाल : एक आकडा, तीन छेद

डॉ. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगप्रतिबंधक लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता तेथे स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस घेतलेल्या सुमारे दीडशे कैद्यांपैकी दोघांना लागण झाली, मृत्यू कोणाचाही झाला नाही. लस न घेतलेल्या सुमारे पावणेदोनशे कैद्यांपैकी १२ जणांना लागण झाली आणि ६ जण दगावले. संख्या लहान आहेत आणि एवढ्यावरून लशीच्या प्रभावाचे अचूक माप निघत नाही. तरीही या मांडणीचा एक गुण लक्षणीय आहे. दोन्ही गट एकाच छताखाली, एकाच काळात होते आणि दोघांचेही छेद सांगितले गेले होते. वाचकाला स्वतः तुलना करता येत होती.

याच्या उलट उदाहरण पाच वर्षांनी घडले. ऑक्टोबर १९०२ अखेर पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. चौकशीत असे आढळले की, मृत झालेल्या सर्वांना '५३-एन' या क्रमांकाच्या एकाच कुपीतील लस देण्यात आली होती. या १९ मृत्यूंचा अर्थ कोणता छेद घेतला जातो यावर अवलंबून आहे. गावातील लस घेतलेल्यांपैकी १९ असे म्हटले तर १०७ पैकी १९, म्हणजे जवळजवळ १८ टक्के, असे भयावह प्रमाण निघते. तोवर देशात लक्षावधी लोकांनी लस घेतली होती. त्यांच्या तुलनेत हे प्रमाण अत्यल्प ठरते. 'एका कुपीतील १९' असे म्हटले तर दोष लशीचा नसून त्या कुपीच्या हाताळणीचा असावा, ही दिशा दिसते. तिन्ही विधाने खरी आहेत. मृतांच्या आप्तांसाठी पहिल्याच विधानाला अर्थ होता, यात शंका नाही. परंतु लस घ्यावी की नाही हे ठरविणाऱ्या लाखो लोकांना उरलेली दोन विधाने कळणेही तितकेच आवश्यक होते. पसरली ती मात्र 'लशीने १९ जण मेले' ही वार्ता.

हाफकिन यांना प्रयोगशाळेच्या प्रमुखपदावरून दूर व्हावे लागले. दोष कुपीचे बूच उघडताना गावी झालेल्या निष्काळजीपणाचा होता, हे मत पुढे प्रबळ झाले. जुलै १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये पत्र प्रसिद्ध करून हाफकिन यांची बाजू मांडली आणि त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले. ज्या वृत्तपत्रमाध्यमातून भीती पसरली होती, त्याच माध्यमातून छेद परत मांडला गेला. परंतु त्यास जवळजवळ पाच वर्षे लागली. १९०७ हेच साल हिंदुस्थानातील प्लेगचे सर्वांत घातक वर्ष ठरले. त्या एका वर्षात देशात तेरा लाखांच्या आसपास माणसे प्लेगने मेली आणि त्यांत पंजाबचा वाटा सर्वाधिक होता. हे सर्व मृत्यू एका बातमीमुळे झाले असे म्हणणे म्हणजे याच लेखात ज्या दोषाची चर्चा चालली आहे, तोच दोष करणे होय. मात्र लशीवरील विश्वास नेमका गरजेच्या वर्षांत ढासळलेला होता, एवढे निश्चितपणे म्हणता येते. परळ येथील त्या प्रयोगशाळेला १९२५ मध्ये हाफकिन यांचे नाव देण्यात आले.

१९९४ : 'संशयित' या शब्दाचे मूल्य

सुमारे नव्वद वर्षांनी प्लेग पुन्हा महाराष्ट्राच्या वृत्तपत्रांत अवतरला. ऑगस्ट-सप्टेंबर १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला या गावी गाठीच्या प्लेगचे आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगचे रुग्ण आढळल्याच्या वार्ता आल्या. सुरतेतून काही दिवसांत लाखो लोक बाहेर पडले. गावोगावच्या औषधदुकानांतून टेट्रासायक्लिन नाहीसे झाले, तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसांची छायाचित्रे जगभर गेली, विमानसेवा आणि निर्यात यांवर बंधने आली.

या साथीची आकडेवारी शिकवण्याजोगी आहे. २६ ऑगस्ट ते ५ ऑक्टोबर या काळात आठ राज्यांतून ५,१५० संशयित रुग्ण आणि ५३ मृत्यू नोंदविले गेले. त्यांपैकी २,७९३ संशयित रुग्ण, म्हणजे निम्म्याहून अधिक, एकट्या महाराष्ट्रातील होते. पुढे प्रयोगशाळेतील तपासण्यांनंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या नोंदीत ८७६ संभाव्य रुग्ण आणि ५४ मृत्यू राहिले. म्हणजे संशयितांपैकी सुमारे एक षष्ठांशच पुढच्या चाळणीतून उतरले. ताप आणि गाठ असलेला प्रत्येक रुग्ण 'संशयित' म्हणून नोंदविणे ही आरोग्य खात्याची योग्यच दक्षता होती. साथीच्या काळात जाळे मोठे टाकावे लागते. अडचण अशी की, मथळ्यात जागा कमी असते आणि पहिला बळी 'संशयित' या विशेषणाचा जातो. 'महाराष्ट्रात प्लेगचे अमुक रुग्ण' असे वाक्य छापून आले की जाळ्यात सापडलेला प्रत्येक मासा वाचकाच्या मनात प्लेगचाच ठरतो.

छेद बदलल्याने रोगाची घातकताही बदलते. ५,१५० पैकी ५३ म्हणजे सुमारे एक टक्का, तर ८७६ पैकी ५४ म्हणजे सहा टक्क्यांहून थोडे अधिक. पहिला आकडा रोग सौम्य असल्याचे सुचवितो, दुसरा तो गंभीर असल्याचे. मृत्यूंची संख्या दोहोंत जवळजवळ सारखीच आहे. आणखी एक तुलना त्या काळच्या बातम्यांत क्वचितच आढळली. त्याच काळात भारतात क्षयरोगाने वर्षाला लाखो माणसे मरत होती. प्लेगच्या सर्व मृत्यूंएवढे क्षयाचे मृत्यू देशात काही तासांतच होत असत. क्षयाचा मृत्यू रोजचा असल्यामुळे ती बातमी होत नाही. जे दुर्मीळ ते बातमी, आणि जे बातमीत वारंवार येते ते वाचकाला सर्वत्र आहे असे वाटते. ही वृत्तमूल्याची आणि संख्याशास्त्राची परस्परविरोधी दिशा आहे.

बालमृत्यू : दोन्ही बाजूंचा अपुरा आकडा

प्लेगच्या घबराटीत आकडा फुगला, तर बालमृत्यूंच्या बाबतीत तो दीर्घकाळ आटलेला राहिला. १९९० च्या दशकात मेळघाटातील कुपोषणाच्या बातम्या दर पावसाळ्यात येत. वृत्तपत्रे 'कुपोषणाचे इतके बळी' असा मथळा देत. शासनाचे उत्तर असे की, ही मुले न्यूमोनिया, अतिसार किंवा कमी वजनामुळे गेली, कुपोषणाने नव्हे. वस्तुतः कुपोषित मूल बहुधा न्यूमोनियाने किंवा अतिसारानेच मरते. मृत्यूच्या दाखल्यावर कोणते कारण लिहावे, या वादात मूळ प्रश्न बाजूला पडे. तो प्रश्न असा : त्या भागात किती मुले जन्मली आणि त्यांपैकी किती वर्षभरात गेली? बातमीत मृत्यू असत, जन्म नसत. सरकारी तक्त्यात दोन्ही असत, परंतु दोन्हींची नोंद अपुरी असे.

गडचिरोली येथील 'सर्च' संस्थेचे डॉ. अभय बंग आणि राज्यातील अनेक स्वयंसेवी संस्था यांच्या सहभागातून २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याचे महत्त्व त्यातील निष्कर्षांइतकेच त्याच्या पद्धतीत होते. संस्थांनी आपापल्या निवडक गावांत व वस्त्यांत जन्म आणि बालमृत्यू या दोहोंची स्वतः नोंद केली, म्हणजे अंश आणि छेद दोन्ही एकाच हाताने मोजले. त्यावरून राज्यात वर्षाला एक लाखाहून अधिक बालमृत्यू होत असावेत आणि त्यांतील फार मोठा भाग शासकीय नोंदीत येतच नसावा, असा अंदाज निघाला. पुढे राज्य शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. केवळ मेळघाटातील मृत्यूंचे मथळे दहा वर्षे छापून जे झाले नाही, ते छेदासह मांडलेल्या आकड्याने घडविले.

कोविड : एका दिवसात झालेले दोन हजार मृत्यू

कोविडच्या काळात आकडे रोज, किंबहुना तासागणिक प्रसृत होऊ लागले. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्राने १,४०९ मृत्यूंची भर आपल्या यादीत घातली. त्यांपैकी ८१ मृत्यू नवे होते. उरलेले १,३२८ मृत्यू पूर्वी झालेले, परंतु जिल्ह्यांच्या व रुग्णालयांच्या नोंदींचा मेळ घालताना त्या दिवशी यादीत आलेले होते. त्यांत मुंबईचे ८६२ होते. दिल्लीनेही त्याच सुमारास मागील मृत्यू यादीत घेतले. परिणामी दुसऱ्या दिवशी 'देशात चोवीस तासांत २,००३ मृत्यू' असा मथळा सर्वत्र झळकला. चोवीस तासांत नोंद झाली होती, मृत्यू नव्हे. राज्यातील एकूण मृत्यू ४,१२८ वरून ५,५३७ झाले, तर रुग्णसंख्या १,१०,७४४ वरून १,१३,४४५ झाली. म्हणजे रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण एका रात्रीत सुमारे ३.७ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले. रोग त्या रात्री अधिक घातक झाला नव्हता. मागील दोन-तीन महिन्यांची थकबाकी त्या दिवशी जमा झाली होती. पुढे २० जुलै २०२१ रोजी राज्याने अशाच पद्धतीने ३,५०९ जुने मृत्यू यादीत घातले, तेव्हा देशाची एका दिवसाची संख्या ३,९९८ दिसली. त्या दिवशीचे राज्यातील नवे मृत्यू १४७ होते.

येथे शासनाने जुने मृत्यू मान्य केले, ही गोष्ट स्वागतार्ह होती. वाचकाला मात्र तीच गोष्ट नवा उद्रेक म्हणून दिसली आणि काहींना 'इतके दिवस लपविले' म्हणून दिसली. मृत्यूच्या तारखेनुसार आलेख आणि नोंदीच्या तारखेनुसार आलेख हे दोन स्वतंत्र आहेत, एवढे एक वाक्य बातमीत असते तर दोन्ही गैरसमज टळले असते.

दुसरा घोटाळा शब्दाचा आहे. राज्याच्या दैनंदिन पत्रकात 'राज्यातील मृत्युदर' अशा शब्दांत टक्केवारी दिली जाई. साथीच्या उत्तरार्धात ती १.८२ टक्के होती. लोकसंख्याशास्त्रात मृत्युदर म्हणजे दर हजार लोकसंख्येमागे वर्षातील मृत्यू. पत्रकातील आकडा होता तपासणीत आढळलेल्या रुग्णांपैकी दगावलेल्यांचा. यास 'रुग्ण-मृत्यू प्रमाण' म्हणणे योग्य झाले असते. हे प्रमाण तपासण्या वाढविल्या की आपोआप घटते, कारण सौम्य रुग्ण छेदात येतात. ज्या तालुक्यात तपासण्या कमी, तेथे ते वाढलेले दिसते. त्यामुळे दोन जिल्ह्यांच्या या तथाकथित मृत्युदराची तुलना करणारे तक्ते रोगापेक्षा तपासणीचीच तुलना करीत होते.

तिसरी गोष्ट आपल्याला पुन्हा १८९७ च्या मुंबईकडे नेते. ५ मे २०२२ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात नेहमीपेक्षा सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. कोविडने झालेल्या मृत्यूंची अधिकृत संख्या त्या दोन वर्षांच्या अखेरीस ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होती. भारत सरकारने या अंदाजाच्या गणिती पद्धतीवर आक्षेप घेतला. अनेक बातम्यांत दोन्ही आकडे 'खरा' आणि 'खोटा' असे समोरासमोर उभे केले गेले. परंतु ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे होती. एक निदान होऊन नोंदलेल्या मृत्यूंची गणना होती. दुसरा सर्व कारणांनी झालेल्या मृत्यूंची नेहमीच्या पातळीशी तुलना करून काढलेला अंदाज होता, ज्यात उपचार न मिळालेले इतर रुग्णही येतात. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या आरोग्य खात्याने हीच तुलना केली होती. फरक एवढाच की, मुंबईत एकूण मृत्यूंची नोंद बऱ्यापैकी पूर्ण होती. २०२० मध्ये देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झालेले होते. ज्या पायावर अंदाज उभा करावयाचा, तो पायाच कच्चा असल्यामुळे वादाला जागा राहिली.

निष्कर्ष

वरील उदाहरणांवरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, आरोग्यविषयक आकडा एकटा कधीही अर्थपूर्ण नसतो. किती जणांपैकी, कोणत्या काळात आणि कोणत्या व्याख्येने, ही तीन उत्तरे सोबत नसतील तर खरा आकडाही असत्याचे काम करतो. दुसरी, ही चूक एकाच दिशेने होत नाही. १८९६ मध्ये ती साथ लहान दाखविण्याकडे, १९०२ मध्ये लशीचा धोका मोठा दाखविण्याकडे, १९९४ मध्ये साथ फुगविण्याकडे आणि बालमृत्यूंच्या बाबतीत प्रश्न अदृश्य करण्याकडे झुकली. म्हणून वृत्तपत्रे अतिशयोक्ती करतात किंवा सरकार लपविते, असे सरसकट विधान इतिहासाला मान्य होणार नाही. तिसरी आणि सर्वांत गंभीर गोष्ट म्हणजे, एकदा आकड्यांवरील विश्वास गेला की लोक नोंद करणे टाळतात आणि पुढील आकडे अधिकच सदोष होतात. या वर्तुळात अखेर ज्यांची नोंद होत नाही, तीच माणसे भरडली जातात.

या संदर्भात गारगोटीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. १९५२ मध्ये येथे श्री मौनी विद्यापीठाची उभारणी करणारे डॉ. जे. पी. नाईक हे शिक्षणतज्ज्ञ म्हणून सर्वपरिचित आहेत. आरोग्यसेवेच्या पर्यायी रचनेवरही त्यांनी १९७७ मध्ये लेखन केले आणि सामाजिकशास्त्र संशोधन परिषद व वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाच्या 'सर्वांसाठी आरोग्य' या १९८१ च्या अहवालाशी ते निगडित होते. शिक्षण आणि आरोग्य ही दोन्ही कामे गावापासून सुरू झाली पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. आकडेवारीच्या बाबतीतही हे लागू पडते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यान्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत नोंदवही आहे. कोल्हापूर येथे संस्थानकालीन दप्तरे आहेत. इतिहास, अर्थशास्त्र, भूगोल, संख्याशास्त्र आणि मराठी या विभागांनी एकत्र येऊन तालुक्यातील काही गावांच्या मृत्युनोंदी महिनावार मांडल्या, मागील वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिल्या आणि त्याच महिन्यांतील वृत्तपत्रांची कात्रणे शेजारी ठेवली, तर विद्यार्थ्याला अंश आणि छेद यांचे नाते कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक चांगले कळेल. अशा कामाला फार निधी लागत नाही. नोंदवही उघडण्याची परवानगी, व्यक्तींची नावे गुप्त राखण्याची शिस्त आणि थोडी चिकाटी एवढे पुरे आहे.

पुढील साथ केव्हा येईल हे सांगता येत नाही. ती आली म्हणजे वाडीवस्तीवरचा माणूस पुन्हा एकदा बातमीतील आकडा वाचून निर्णय घेईल आणि त्याच्या शेजारी बसून तो आकडा उलगडून सांगणारा बहुधा आपल्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी असेल. 'किती मेले?' या प्रश्नापाठोपाठ 'कितींपैकी?' असे विचारण्याची सवय त्याला येथेच लागली पाहिजे.